बारा उद्याने आणि एक रस्ता

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत माझ्या भाच्याचे एक लांबलचक पत्र आले. पत्र म्हणायचे ते जुन्या सवयीने. आले ते फोनवरच. भाचा अमेरिकेत डेन्व्हर शहरी नोकरी करतो. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, उन्हाळ्यात त्याच्याकडे जायची होती. तिला मोटारीतून तिथली राष्ट्रीय उद्याने दाखवायची, असा चिरंजीवांचा बेत. चौदा दिवस, सात उद्याने, सुमारे तीन हजार मैल. कोणत्या दिवशी किती वाजता निघायचे, कुठे पेट्रोल भरायचे, कुठे मुक्काम, सारे तक्त्यात मांडलेले. शेवटी एक ओळ : "मामा, तू एकदा नजर घाल. आई तुझं ऐकते."

मी अमेरिका पाहिलेली नाही. माझा विषय इतिहास. परंतु तो तक्ता पाहताना मला राहून राहून वाटले, की हा बेत आपण कुठेतरी वाचला आहे. आणि तो वाचलेलाच होता! १९२० साली, त्याच डेन्व्हर शहरातून, अशाच एका प्रवासाला काही मंडळी निघाली होती. त्यांच्या यादीत सात नव्हे, बारा उद्याने होती, आणि रस्ता मात्र धड एकही नव्हता. त्या प्रवासाची हकीकत आज आपल्याला सांगावी असे मनात आहे. ती नुसती प्रवासाची हकीकत नाही. निसर्गाचे एखादे नवल राखून ठेवायचे, तर ते कोणासाठी आणि लोकांनी तिथे पोचायचे कसे, हा त्या हकीकतीच्या पोटातला प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

अमेरिकेतले पहिले राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्या कायद्यावर सही केली. उकळत्या पाण्याची कारंजी, गंधकाचा वास, रंगीत कुंडे, रानरेडे आणि अस्वले यांचा हा मुलूख लोकांच्या सुखासाठी आणि लाभासाठी राखून ठेवावा, असा कायद्याचा आशय. पण हे 'लोक' म्हणजे कोण? त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारे, कंदमुळे गोळा करणारे मूळ रहिवासी त्या शब्दात धरलेले नव्हते. योसेमिटीच्या खोऱ्यात १८५१ सालीच हत्यारबंद तुकडी शिरली होती आणि तिथल्या लोकांना तिने हुसकून लावले होते. ग्लेशियर उद्यानाचा पूर्वेकडचा भाग ब्लॅकफीट लोकांकडून १८९५ च्या कराराने सरकारकडे आला. तेव्हा उद्यानांचा इतिहास सांगताना ही पहिली पाने फाडून टाकता येत नाहीत.

दुसरे, कायद्याने दार उघडले तरी दारापर्यंत जायचे कसे? त्या काळी जायचे ते आगगाडीने. एकेका उद्यानावर एकेका रेल्वे कंपनीची छाया होती : यलोस्टोनवर नॉर्दर्न पॅसिफिकची, ग्लेशियरवर ग्रेट नॉर्दर्नची, ग्रँड कॅन्यनवर सांता फेची. स्टेशनावर उतरायचे, घोड्यांच्या डाकगाडीत बसायचे, कंपनीच्याच मोठ्या हॉटेलात उतरायचे आणि चार-पाच दिवस धूळ खात ठरलेला फेरा मारून परत यायचे. खर्च एवढा, की शाळामास्तर, कारकून, शेतकरी यांनी त्याचे नावही काढू नये. उद्याने राष्ट्राची खरी, पण राष्ट्रातल्या बहुतेकांनी ती चित्रातच पाहिलेली.

अशा वेळी रंगभूमीवर दोन पात्रे आली. एक मोटारगाडी. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती; पुढे १९१६ च्या सुमारास ती चारशेच्या आत आली, आणि १९२५ पर्यंत तीनशेच्याही आत. दुसरे पात्र म्हणजे स्टीफन मेदर नावाचा एक गृहस्थ. जन्म १८६७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. टाकणखाराच्या धंद्यात याने अमाप पैसा केला होता. डोंगर चढण्याची हौस, बोलण्यात गोडवा आणि हात सढळ. १९१५ च्या जानेवारीत तो वॉशिंग्टनला सरकारी कामावर रुजू झाला. २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले, तेव्हा त्याचा पहिला संचालक हाच झाला.

मोटार आणि उद्याने यांचे सुरुवातीला मुळीच जमत नव्हते. योसेमिटीत १९०० सालीच पहिली मोटार फटफटत शिरली होती. १९०७ साली तिथे मोटारींना बंदी झाली. घोडे बुजतात, धूळ उडते, शांतता मोडते, ही कारणे. बंदी उठावी म्हणून मोटारवाल्यांच्या संघांनी गिल्ला केला. १९१२ साली या विषयावर मोठा वाद झाला. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस मोठे विद्वान आणि स्वतः डोंगर चढणारे. त्यांनी भर सभेत सांगितले, की योसेमिटीत मोटार येऊ देणे म्हणजे ईडनच्या बागेत सापाला थारा देणे. उलट ज्याच्याकडून अशा विरोधाची अपेक्षा धरावी, तो जॉन म्यूर, योसेमिटीचा परमभक्त, मोटारींना अडवायला पुढे आला नाही. त्याने त्यांची थट्टा केली, पण दार लावून घ्या असे काही म्हटले नाही.

असे का? याचे कारण जवळच होते. योसेमिटी उद्यानाच्याच हद्दीत हेच हेची नावाचे दुसरे एक सुंदर खोरे होते. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे म्हणून तिथे धरण बांधायची खटपट चालली होती. म्यूर आणि त्याचे सोबती त्या धरणाविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. पण ते खोरे पाहिलेली माणसे होती किती? ज्यांनी पाहिलेच नाही, ते कशासाठी हळहळतील? १९१३ च्या डिसेंबरात धरणाचा कायदा झाला आणि खोरे पाण्याखाली जायचे ठरले. वर्षभराने म्यूर वारला. योसेमिटीत मोटारींना पुन्हा प्रवेश मिळाला तो त्याच १९१३ साली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा, म्हणजे मेदरच्या मनात पुढे काय शिजले ते कळेल. जे लोक पाहतील तेच रक्षण करतील. मतदार येतील तेव्हाच काँग्रेस पैसा मंजूर करील. आणि मतदार यायचे ते मोटारीने. हे त्याचे साधे त्रैराशिक.

यलोस्टोनमध्ये १ ऑगस्ट १९१५ पासून मोटारींना परवानगी मिळाली. त्या वेळचे नियम वाचताना आज हसू येते. घोडागाड्यांशी गाठ पडू नये म्हणून मोटारींच्या वेळा बांधून दिलेल्या. एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर नेमलेल्या वेळेच्या आधी पोचलात तर दंड! समोरून घोडे आले, तर मोटारीने दरीच्या बाजूला व्हायचे, मग आपली बाजू कोणतीही असो. घोड्याने कड्याकडे सुरक्षित राहायचे, यंत्राने धोका पत्करायचा. पण ही घोड्यांची मिरास दोनच वर्षे टिकली. १९१७ साली यलोस्टोनच्या डाकगाड्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी मोटार-बसगाड्या आल्या.

मेदरने आणखी एक गोष्ट केली. योसेमिटीच्या माथ्यावरून जाणारा टायोगाचा रस्ता एका चांदीच्या खाण कंपनीने १८८३ साली बांधला होता. खाण बसली, रस्ता ओस पडला. १९१५ साली मेदरने काही पैसे स्वतःच्या खिशातून घातले, काही मित्रांकडून गोळा केले, तो रस्ता साडेपंधरा हजार डॉलरांना विकत घेतला आणि सरकारला देऊन टाकला. सरकारी अधिकाऱ्याने पदरमोड करून सरकारलाच रस्ता घेऊन द्यावा, असे उदाहरण विरळाच.

आता १९२० च्या प्रवासाकडे येऊ. पश्चिमेकडच्या राज्यांतली बारा उद्याने एका माळेत ओवणारा एक महामार्ग असावा, ही कल्पना. त्याचे नाव 'नॅशनल पार्क-टु-पार्क हायवे'. नाव मोठे, पण रस्ता होता कुठे? गावागावांना जोडणाऱ्या गाडीवाटा, टपालाच्या वाटा आणि शेताच्या बांधावरून गेलेली चाकोरी, हेच जोडून जोडून त्याला महामार्ग म्हणायचे. देशातल्या रस्त्यांना सरकारी क्रमांक मिळाले ते १९२६ साली. तोवर खांबाला रंगाचे पट्टे मारून वाट दाखवायची रीत होती. हा मार्ग ठरवून द्यायला नेमला होता अँटन वेस्टगार्ड. हा मूळचा नॉर्वेचा. उभ्या अमेरिकेत मोटारीने फिरून वाटा हुडकायच्या, त्यांचे मैल मोजायचे, हाच याचा पेशा.

२६ ऑगस्ट १९२० रोजी डेन्व्हरहून डझनभर मंडळी निघाली. निरोपाला खुद्द मेदर हजर होता. प्रथम जवळचे रॉकी माउंटन उद्यान. मग उत्तरेला यलोस्टोन, तिथून कॅनडाच्या सीमेलगतचे ग्लेशियर. नंतर पश्चिमेला माउंट रेनियर. मग दक्षिणेकडे वळून क्रेटर लेक, लासेन, योसेमिटी, जनरल ग्रँट आणि सिक्वोया. आणि परतीच्या वाटेवर वाळवंटी मुलखातली झायन, ग्रँड कॅन्यन आणि मेसा व्हर्डे. ९ नोव्हेंबरला फेरा पुरा झाला. ७६ दिवस आणि सुमारे ५,००० मैल. त्यांतला बहुतेक रस्ता कच्चा.

मौज अशी, की ग्लेशियर उद्यानात पर्वताच्या अल्याड-पल्याड जायला तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. मोटार आगगाडीच्या उघड्या सपाट डब्यावर चढवायची आणि खिंडीपलीकडे उतरवून घ्यायची, अशी तिथली वहिवाट होती. ती १९३० पर्यंत चालली. ज्या आगगाडीपासून सुटका करून घ्यायला मोटार निघाली, तिच्याच पाठीवर बसून मोटारीने डोंगर ओलांडावा!

अशा प्रवासाची आखणी म्हणजे काय, हे जरा डोळ्यांपुढे आणा. आजचा मुलगा बोटाने नकाशा मोठा करतो आणि पोचण्याची वेळ मिनिटागणिक वाचतो. तेव्हा फावडे, दोरखंड, पाण्याची पखाल, रबरी ट्यूबची ठिगळे आणि पेट्रोलचे डबे हीच आखणी. पाऊस पडला की चिखल, उन्हाने वाळला की टणक चाकोऱ्या. बर्फ पडायच्या आत उत्तरेकडची उद्याने उरकायची आणि मग ऊन उतरल्यावर वाळवंटात शिरायचे. वर दिलेला क्रम पाहिलात तर हे धोरण लक्षात येईल : ऑगस्टअखेर उत्तरेला, ऑक्टोबरच्या पुढेमागे दक्षिणेला. शंभर वर्षांनंतर माझ्या भाच्याच्या तक्त्यात हीच एक गोष्ट सुटली होती! त्याने पहिल्या आठवड्यात वाळवंट घातले होते, तेही ऐन जुलैत.

या फेऱ्याचा उपयोग काय झाला? लोकांचे लक्ष वेधले, हा पहिला उपयोग. १९१६ साली उद्यानांना साडेतीन लाखांच्या आसपास माणसांनी भेट दिली होती. १९२० साली हा आकडा प्रथमच दहा लाखांवर गेला. हे काही त्या एका प्रवासाने झाले नाही. युरोपातले युद्ध, स्वस्त झालेल्या मोटारी आणि मेदरची जाहिरातबाजी, सगळ्यांचा हात त्याला लागला. पण गर्दी वाढली तसे मेदरचे त्रैराशिक बरोबर ठरले. १९२४ साली काँग्रेसने उद्यानांतल्या रस्त्यांसाठी तीन वर्षांत ७५ लाख डॉलर खर्चायला मंजुरी दिली.

आणि इथूनच खरी कसोटी सुरू झाली. पैसा नव्हता तोवर रस्ता हवा, एवढेच म्हणायचे होते. पैसा आल्यावर रस्ता कसा हवा, हे ठरवणे आले.

ग्लेशियर उद्यानात पर्वत ओलांडणारा रस्ता बांधायचा ठरला, तेव्हा खात्याचे मुख्य अभियंता जॉर्ज गुडविन यांनी आराखडा केला. त्यात चढ कापायला एकामागून एक पंधरा नागमोडी वळणे होती. काम त्या मानाने सोपे. तरुण भूदृश्य-वास्तुशिल्पी टॉमस व्हिंट याने हरकत घेतली. त्याचे म्हणणे, की एवढी वळणे पडली तर सबंध दरीचा देखावा खरवडल्यासारखा दिसेल. त्यापेक्षा कड्याच्या अंगाने एकच लांब चढ काढा, वळण फक्त एक ठेवा. खर्च जास्त, खडक फोडणे जिवावरचे. मेदर दोघांना बरोबर घेऊन जागेवर गेला, पाहणी केली आणि कौल व्हिंटच्या बाजूने दिला. गुडविनने १९२५ साली राजीनामा दिला. रस्त्याच्या कामात तीन मजुरांचे प्राण गेले. १५ जुलै १९३३ रोजी ६,६४६ फूट उंचीवरच्या लोगन खिंडीत त्या रस्त्याचे उद्‌घाटन झाले. नाव 'गोइंग-टु-द-सन'. मेदर ते पाहायला नव्हता. १९३० च्या जानेवारीत तो वारला होता.

रस्ता सर्वांसाठी, हे वाक्यही तपासून घ्यायला हवे. व्हर्जिनियातल्या शेननडोआ उद्यानात १९३९ साली काळ्या प्रवाशांसाठी लुइस माउंटन ही वेगळी जागा उघडण्यात आली. तिथला भेदभाव पुरता संपायला १९५० साल उजाडले. न्यूयॉर्कचा एक टपाल कर्मचारी, व्हिक्टर ग्रीन, याने १९३६ पासून आपल्या बांधवांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. कोणत्या गावात काळ्या माणसाला खोली मिळते, कुठे जेवण मिळते, कुठे पेट्रोल मिळते, याची ती यादी. काहींच्या प्रवासाची आखणी देखावे पाहून होते, आणि काहींना ती अपमान चुकवून करावी लागते. एकाच रस्त्यावर हे दोन प्रवास चालले होते.

आणि मेदरचा उजवा हात असलेला रॉबर्ट स्टर्लिंग यार्ड? हा वृत्तपत्रवाला. मेदरने स्वतःच्या पैशाने याचा पगार देऊन उद्यानांचा डंका पिटायला याला आणले होते. लोकांनो या, मोटारीने या, अशी हाक त्याने देशभर घातली. लोक आले. १९३५ साली हाच यार्ड अशा मंडळींत जाऊन बसला, ज्यांनी रानात नवे रस्ते नकोत म्हणून 'वाइल्डरनेस सोसायटी' स्थापन केली. याला कोणी कोलांटउडी म्हणतील. मला तसे वाटत नाही. त्याची पहिली हाकही मनापासूनची होती आणि दुसरी तक्रारही. खुद्द मेदरचेही म्हणणे होते, की उद्यानात रस्त्यांची जाळी विणायची नाहीत. एखादा मोठा रस्ता पुरे, बाकीचे रान पायवाटांसाठी राहू द्या. पण 'एक पुरे' हे म्हणणाऱ्याच्या हातात राहते थोडेच? १९५५ साली पाहुण्यांचा आकडा पाच कोटींच्या वर गेला, आणि १९५६ ते १९६६ या दहा वर्षांत सुमारे शंभर कोटी डॉलर खर्चून रस्ते, तळ आणि पाहुण्यांसाठी इमारती बांधाव्या लागल्या. २०२४ साली हा आकडा, स्मारके वगैरे सारी धरून, ३३ कोटींच्या पलीकडे गेला.

मग काय झाले, तर चाक उलटे फिरू लागले. १९७० साली योसेमिटी खोऱ्याच्या पूर्व टोकाला खाजगी मोटारी बंद करून फुकट बसगाड्या सुरू झाल्या. झायनच्या मुख्य दरीत २००० सालापासून हंगामात स्वतःची मोटार नेता येत नाही, बसनेच जायचे. अलीकडे काही उद्यानांत आत शिरायची वेळसुद्धा आधी राखून ठेवावी लागली आहे. नेमलेल्या वेळेला या, आधी नको! १९१५ चा यलोस्टोनचा नियम आठवतो ना?

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा तो भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. आज तिथल्या फाटकावर पहाटे जिप्सी गाड्यांची रांग लागते, आत किती गाड्या सोडायच्या ते मोजून ठरते. पेंचजवळून जाणारा नागपूर-जबलपूर महामार्ग रुंद केला, तेव्हा त्याखालून जनावरांना जायला मोकळे मार्ग सोडावे लागले. त्यांतून वाघ गेल्याची छायाचित्रेही आपण पाहिली. म्हणजे रस्ता माणसाने कुठून न्यावा हे ठरवताना जनावराचा रस्ताही विचारात घ्यावा लागतो, एवढे आपण शिकलो.

असो. भाच्याच्या तक्त्याचे काय केले ते सांगून संपवतो. मी त्यातली चार उद्याने खोडली. तो हिरमुसला. मी त्याला लिहिले, "बाबा रे, १९२० च्या मंडळींनी बारा उद्यानांना ७६ दिवस घेतले. तू सातांना चौदा देतोस. आईला उद्याने दाखवायची आहेत, की उद्यानांना आई?" शेवटी रॉकी माउंटन, यलोस्टोन आणि ग्लेशियर ही तीनच राहिली, म्हणजे त्या जुन्या फेऱ्याची पहिली तीन.

जुलैत एके सकाळी ताईचा फोन आला. लोगन खिंडीत मोटार लावायला जागा मिळेना. दोन फेरे मारले, तिसऱ्यांदा एक गाडी निघाली आणि जागा मिळाली. सूनबाई आणि मुले पायवाटेने तळे पाहायला गेली. ताईचे गुडघे तिला साथ देत नाहीत, म्हणून ती गाडीजवळ घडीच्या खुर्चीवर तासभर बसून राहिली. समोर बर्फाचे डोंगर. चार पावलांवर पांढरे रानबोकड चरत होते.

"गर्दी फार होती रे," ती म्हणाली, "पण रस्ता नसता तर मी हे या जन्मी पाहिलं नसतं."

या एका वाक्यात ब्राइससाहेबांची तक्रारही आहे आणि मेदरचे उत्तरही. मी वर्गात हा विषय शिकवतो तेव्हा मुलांना विचारतो, यांतले खरे कोणते? मुले दोन तट करून भांडतात. घंटा होते, तरी निकाल लागत नाही. मीही तो लावत नाही. फक्त एक सुचवतो : तुमच्या प्रवासाचा बेत आखाल तेव्हा यादीतली दोन-चार नावे आपणहून खोडा. पुढच्या माणसाला मोटार लावायला जागा होईल, आणि आपल्यालाही तासभर खुर्ची टाकून बसता येईल.